ओट्यासमोरची खिडकी

"हा थर उतरवा," काका म्हणाले. "ओळंबा लावून बघा. भिंत आतल्या अंगाला झुकतेय."

मिस्त्रीने ओळंबा सोडला. दोरा भिंतीपासून बोटभर लांब राहिला. त्याने गवंड्याला खूण केली आणि सकाळपासून चढवलेल्या विटा एकेक करून खाली आल्या.

काका पहिल्यांदा आले तेव्हा पायाची आखणी चालू होती. रस्त्यावर उभं राहून त्यांनी बराच वेळ दोऱ्या पाहिल्या. मग आत येऊन म्हणाले, कोपरा काटकोनात नाही. मिस्त्रीने मापून पाहिलं, खरंच नव्हता. "तुमचं घर, तुम्ही म्हणाल तसं," तो हसून म्हणाला. काका वाकून दोरी सरळ करू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुन्हा हजर.

तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. पाणीखात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. मिस्त्री सुट्टीवर गेला की भिंतींवर पाणी मारायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. मिस्त्रीने कुंपणाच्या फाटकाची किल्लीच त्यांना देऊन टाकली.

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. प्लंबरने गरम पाण्याचा नळ थंडाच्या जागी बसवला आणि वर म्हणाला, सवय होईल. इलेक्ट्रिशियनने बेडरूमचं बटण दाराच्या मागे नेलं; दिवा लावायला आधी आत जाऊन दार लोटायचं, मग अंधारात चाचपडायचं. काकांनी त्याला तसं तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्याचा गुडघा चौकटीवर आपटला, तेव्हा बटण हललं. फरशीवाला रोज "उद्या" म्हणायचा. काका एकदा सरळ त्याच्या घरी गेले आणि त्याला सोबत घेऊनच आले.

ज्यांनी हे काम दिलं त्या साहेबांचा फोन मिस्त्रीला आठवड्यातून एकदा यायचा. ते दुसऱ्या शहरात नोकरीला होते. कुठवर आलंय, एवढंच विचारायचे.

"तुमच्या मुलाला काही हौसच नाही, काका," मिस्त्री एकदा चहा पिताना म्हणाला.

"त्याला वेळ कुठे असतो," काका म्हणाले. थोड्या वेळाने कपातला उरलेला चहा त्यांनी मातीत ओतला.

ते मुलाकडे का राहत नाहीत, असंही मिस्त्रीने विचारलं होतं. दोन गल्ल्या सोडून माझी खोली आहे, एवढंच उत्तर मिळालं. मिस्त्रीने पुढे खोदून विचारलं नाही. घरोघरी मातीच्या चुली.

ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती, भाड्याची. आयुष्यभर काका भाड्याच्याच घरात राहिले. प्रत्येक घरात स्वयंपाकघर मागच्या अंगाला, भिंतीला भिंत लागलेली. बायको चाळीस वर्षं दिव्याच्या उजेडात पोळ्या लाटत राहिली. आपलं घर झालं की ओट्यासमोर खिडकी ठेवायची, असं ती म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. काका आता एकट्यापुरता भात टाकत आणि उभ्याउभ्याच जेवून घेत.

म्हणून स्वयंपाकघराची भिंत चढू लागली तेव्हा त्यांनी मिस्त्रीला थांबवलं.

"इथे खिडकी पाहिजे."

"नकाशात नाही, काका."

"नकाशा काढणाऱ्याने कधी पोळ्या केलेल्या नाहीत."

मिस्त्रीला हसू आलं. त्याने खिडकीपुरती जागा मोकळी सोडली.

छत पडल्यानंतर एका रविवारी साहेब आणि त्यांची बायको घर बघायला आले. काका जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी मारत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली आणि ते वर गच्चीवर गेले. बाई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बाहेर शेजारच्या आवारातलं झाड दिसत होतं. ही खिडकी कोणी सुचवली, तिने विचारलं. मिस्त्रीने हनुवटीने काकांकडे खूण केली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आत्ता आम्ही राहतो तिथे दिवसासुद्धा दिवा लागतो."

काकांनी एकदा त्या खिडकीकडे पाहिलं. मग पाइप उचलला आणि पुढच्या पायरीवर पाणी सोडलं.

निघताना साहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही रोज इथे असता, म्हणून आम्हाला काळजी नाही."

बस्स. ना तब्येतीची चौकशी, ना गाडीतून घरी सोडतो म्हणणं. गाडी वळली. काका फाटकाला कुलूप लावत होते. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. आपला मोठा मुलगा असा निघू नये, एवढंच त्याच्या मनात आलं.

रंग वाळला, दारं लागली. शेवटच्या दिवशी काका सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले. ओट्यासमोर जरा जास्त थांबले. मग किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली.

"साहेबांना द्या."

"तुम्हीच द्या की."

"नको. तुम्ही द्या, तेच बरं."

"उद्या सगळे जमणार आहोत. या बरं का नक्की."

"बघू," काका म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या कामगारांना जेवायला बोलावलं होतं. नव्या फरशीवर पंगत बसली. काकांचं पान मिस्त्रीने आपल्या शेजारी मांडून ठेवलं होतं. वाढणं झालं तरी ते पान रिकामंच. शेवटी मिस्त्रीला राहवलं नाही. तो उठून साहेबांकडे गेला.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतोय," तो म्हणाला. "पण हे घर उभं राहिलं ते तुमच्या वडिलांमुळे. आज त्यांना स्वतः जाऊन घेऊन या."

साहेबांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"माझे वडील मी पाच वर्षांचा असताना गेले," ते म्हणाले. "ते काका तुमचे मुकादम ना?"