झुंबरबाईचं हिरवं लुगडं

"लुगडं काढ आज," झुंबरबाई म्हणाली.

अंगद बादली हातात धरून तसाच थांबला. धारेला बसताना झुंबरबाईचं जुनं हिरवं लुगडं डोक्यावरून पांघरायची त्याला आता सवय झाली होती. पुण्यातली नोकरी सोडून तो पिंपळगाव रेणुकाईला परत आला, शेतात गोठा बांधला, तेव्हा लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. म्हशीखाली बसलेली मिशीवाली बाई काही रोज बघायला मिळत नाही. पण त्याचाही इलाज नव्हता. गुडघे गेले म्हणून झुंबरबाईनं आपली म्हैस, चंद्री, त्याला विकली खरी, पण चंद्रीला सगळा हात झुंबरबाईचा. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती दूध चोरायची. शेवटी झुंबरबाईनंच अंगावरचं लुगडं आणून दिलं होतं. "हे पांघरून बस. अन् याला पाणी लावायचं न्हाई. वास गेला का ती तुला जवळ करायची न्हाई."

तेव्हापासून झुंबरबाई रोज सकाळी काठी टेकत गोठ्यावर येत होती. शेण बघून पोट कसं ओळखायचं, सरकी किती भिजवायची, रेडकू कधी सोडायचं आणि कधी ओढून घ्यायचं, एकेक दाखवत होती. अंगद मोबाईलवर बघून काही करायला गेला तर त्यालाही नावं ठेवत नव्हती. बराबर असलं की बराबर म्हणायची.

तिकडं संभाजीनगरहून लेकाचा, रामप्रसादचा, फोन यायचा. अंगद तयार झाला की येते, असं तिचं ठरलेलं उत्तर. पावसाळा गेला, दिवाळी गेली. "माय, अंगद म्हैस शिकून राह्यला का डॉक्टरी?" असं त्यानं एकदा विचारलंही. चंद्री लुगड्यावर दूध देते ते काही खरं देणं न्हाई, असं तिनं त्याला समजावलं होतं.

आज मात्र रामप्रसाद गाडी घेऊन निघाला होता. आता सोक्षमोक्ष लागणार होता. लुगडं काढल्यावर चंद्री काही दूध द्यायची नाही, अन् मग रामप्रसादला एकट्यालाच परत जावं लागेल, एवढा साधा हिशेब झुंबरबाईनं मनाशी केला होता.

अंगदनं लुगडं काढून खुंटीला अडकवलं. रेडकाला पाजून बाजूला बांधलं, कासेला कोमट पाणी लावलं. चंद्रीनं मान वळवून झुंबरबाईकडं पाहिलं आणि पाय उचलला. बादली जेमतेम वाचली.

"काकू," अंगद हळूच म्हणाला, "तुम्ही समोर असल्या का ती तुमच्याकडंच बघती. जरा आडोशाला जाता का?"

त्याचं चुकत नव्हतं. ती उठली, कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभी राहिली. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. रामप्रसाद उतरला, तिनं त्याला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

"देऊ नको गं," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. मग तिलाच लाज वाटली.

गोठ्यात काहीच आवाज नव्हता. मग अंगद बोलायला लागला. "हो गं माझी बाय. कुणी न्हाई इथं. तू अन् मीच हाओत." हे झुंबरबाईचं बोलणं होतं. धारेला बसल्यावर ती असंच बोलायची. हे तिनं त्याला कधी शिकवलं नव्हतं.

रिकाम्या बादलीवर पहिली धार वाजली. मग दुसरी. मग बादलीत दूध साठत गेलं तसा आवाज जाड होत गेला, आणि थांबेचना.

झुंबरबाईला बरं वाटलं. पोरगं शिकलं, याचा आनंद खराच होता. पण इथं आता आपलं काहीच काम राहिलं नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं, आणि तिचे डोळे भरून आले. चंद्रीनं एकदा रेकावं, एवढंच तिला वाटत होतं. चंद्री निवांत सरकी खात होती.

"चल माय," रामप्रसाद म्हणाला. "ऊन व्हायच्या आत निघू."

अंगद धावतच गाडीपाशी आला. त्याच्या शर्टावर दूध उडालं होतं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. लुगड्याची घडी त्यानं दोन्ही हातांनी पुढं केली. "काकू, तुमचं लुगडं. आता न्हाई लागायचं मला."

"धुतलं न्हाईस ना?"

"न्हाई. तुम्हीच नको म्हणल्या होत्या. लई वास मारून राह्यलं."

रामप्रसादनं नाक मुरडलं. "दे इकडं, डिक्कीत टाकतो. घरी गेल्यावर मशीनला लावू."

झुंबरबाई गाडीत बसली. लुगडं तिनं मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"राहू दे माझ्यापाशी," ती म्हणाली. "याला पाणी लावायचं न्हाई."