सवतीचा टाक

धनी लढाईवरनं आलं, ते ट्रंकेच्या झाकणात एका गोऱ्या बाईचा फोटू चिकटवून. "रशियाची शिनेमातली नटी हाय. इराणात आमाला तिचा शिनेमा दावला," म्हणालं. मग तिचा सारा जनम सांगत बसलं. बाप विणकर, ती आधी थेटर झाडायची, एकोणिसाव्या वर्सी पडद्यावर आली, जवानांपुढं गाताना बाँब पडून मेली. "आन् मी किती वर्सांची?" मी इचारलं. "आसशील ईस-बावीस." माझ्या अंगाची लाही झाली. आमच्यात पयली बायको मेली, की दुसरी तिची मूर्त उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालती. मी शिराळ्याच्या सोनाराकडनं टाक घडवून घेतला, आन् गळ्यात घालून धन्यापुढं उभी ऱ्हायले. "ही तुमची पयली." वाटलं, हसत्याल, न्हाईतर तोडून फेकत्याल. त्येंनी टाक तळहातावर घेऊन निरखला. "सोनारानं अंबाडा घातलाय," म्हणालं, "तिचं केस आखूड हुतं."