सहीच्या जागी दोन थेंब

औषधी झाडाच्या बियांतून कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधिकेने डोळ्यांत तेल घालून एकच प्रथिन वेगळं काढलं. निरोगी पेशींवर त्याचा एक थेंब टाकला, आणि सकाळपर्यंत सगळ्या पेशी मेल्या.

"बाई, याच बियांच्या काढ्यावर आपली कंपनी उभी आहे," मालक म्हणाले. "उगाच राईचा पर्वत करू नका. अहवालात 'निर्धोक' लिहा."

"लहान मुलं पितात हो तो काढा. आणि अहवालावर सही तुमची लागेल."

"मग आणा की! मी काय कुणाला भितो?"

तिने तसा अहवाल आणून टेबलावर ठेवला. ठेवताना दुसऱ्या हातातल्या काचेच्या नळीतले दोन थेंब नेमके सहीच्या जागी सांडले.

"असू द्या, साहेब. निर्धोकच तर आहे. करा सही."

मालकांचं पेन हवेतच थांबलं. खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवून ते ओरडले, "आधी पुसा ते! हातमोजे घालून पुसा!"



तिने उघड्या तळहाताने कागद पुसला. "नळाचं पाणी होतं, साहेब. आता खरा अहवाल आणते."