नकाशावरली टिकली

नर्सबाईंनी सगळ्या गावाचा नकाशा काढून दवाखान्याच्या भिंतीवर लावला आणि ज्या घरात गरोदर बाई, त्या घरावर एकेक लाल टिकली चिकटवली. ओढ्याला पूर आला की गाव तुटायचं. त्याआधीच दिवस भरत आलेल्या बायांना जीपनं गंगाखेडला हलवायचं ठरलं होतं.

"चारचौघांत मांडून ठिवलंय! नजर लागंल की माझ्या सुनंला," मनकर्णाबाई तेव्हाच तणतणली होती.

आभाळ भरून आलं त्या दिवशी नेमक्या नर्सबाई रजेवर. जीपमधून आलेल्या परक्या डॉक्टरांनी नकाशा बघून टिकलीच्या घरांतल्या बाया तेवढ्या गाडीत घेतल्या. जीप दारावरून न थांबता पुढं गेली, तेव्हा मनकर्णाबाईला हायसंच वाटलं.

मग पूर आला. तिची सून गीता कळा देत राहिली, आणि पाणी उतरायच्या आत गेली.

"ह्या एकाच घराला टिकली लावायची इसरली कशी ती नर्स?" सारं गाव बोटं मोडायला लागलं.

बायांनी गीताला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. "टिकलीची लय हौस होती पोरीला," म्हणत शेजारच्या कस्तुराबाईनं आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेली लाल टिकली काढली आणि तिच्या कपाळाकडं हात नेला.

मनकर्णाबाईनं तो हात गच्च धरला.

"ती नगं, कस्तुरा... ती नकाशावरली हाय."