एकनळीचे नूतनीकरण

मंगळवार, दिनांक ३१ डिसेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. तालुका कचेरीच्या फाटकावर एक वृद्धा, एक एकनळी बंदूक आणि एक पहारेकरी उपस्थित होते. आवडाबाई शिगवण यांच्या शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना त्याच दिवशी संपत होता. नूतनीकरणासाठी बंदूक प्रत्यक्ष दाखवणे बंधनकारक होते आणि शासकीय इमारतीत शस्त्र नेण्यास मनाई होती.

"आजी, बंदूक आत न्यायची न्हाय. बोर्ड लावलाय."

"मंग तुझ्या सायबाला भायेर बोलाव. परवाना गेला तं डुकरं माझा आख्खा वाल उकरतील. तू येशील काय राखणीला?"

पहारेकरी आत जाऊन परत आला. "साहेब टेबल सोडत न्हाईत. पण मार्ग काढलाय. बोलले, मूळ राहू दे, झेरॉक्स आणा."

समोरच्या दुकानात बंदूक यंत्रावर आडवी ठेवण्यात आली. ती काचेहून बरीच लांब असल्याने टप्प्याटप्प्याने सरकवून छापावी लागली आणि कागद डिंकाने जोडावे लागले. त्यानंतर बंदूक पहारेकऱ्याच्या स्वाधीन करून आवडाबाई आत गेल्या.

साहेब म्हणजे परवाना लिपिक; त्याने प्रत टेबलभर पसरली, चष्मा लावून नळीवरचा क्रमांक जुळवला आणि छापलेल्या लाकडी दस्त्यावर आवडाबाईंची सही घेतली. मग शिक्का मारला: "मूळ पाहून खात्री केली." परवान्याची मुदत पाच वर्षांनी वाढली. बंदुकीच्या लांबीच्या रकान्यात नोंद झाली: चार पाने.