लाल पट्टीच्या वायरी

“सहाशे वॅटचा पॉवर सप्लाय मरतोय बिचारा,” दुकानदार म्हणाला. “नवं ग्राफिक्स कार्ड टाकलंय ना? मग साडेआठशे वॅटच्या खाली बघूच नका.”

त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली. तिने दोन्ही उचलून पाहिली. एक चांगलंच जड होतं.

“कॉम्प्युटर बंद कधी पडतो? चालू करताना, की खेळ रंगात आल्यावर?”

“रंगात आल्यावर. सगळं छान चाललेलं असतं आणि मधेच गप्प.”

“धाप लागते त्याला. कार्ड एकदम जोरात ओढतं, आणि सप्लायला तेवढं देता येत नाही. खेळतं कोण, तुम्ही?”

“मशीन भावाचं. गेमसाठीच घेतलेलं. हल्ली आई बसते.”

“आई?” दुकानदार खूश झाला. “वा! आमच्या मातोश्री अजून टीव्हीचा रिमोट उलटा धरतात.”

तीही हसली. आई ताटसुद्धा त्या खोलीतच नेते, मावशीचा फोन उचलत नाही, कितीतरी दिवसांत जिना उतरलेली नाही, हे काही दुकानात सांगण्यासारखं नव्हतं.

“डिस्कवर महत्त्वाचं काही?”

“घरचंच. जुनी रेकॉर्डिंग, फोनवरची बोलणी, असलं. भावाने बसून बसून भरलंय.”

“मग कॉपी काढून ठेवा बघू आधी.”

“आई नको म्हणते. एकच हवं, दुसरं नको, असं बजावलंय तिने त्याला.”

दुकानदाराने भुवया उंचावल्या. पण गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसण्यातला तो नव्हता. त्याने जड खोकं पुढे सरकवलं आणि त्यातली वायरींची पिशवी काढून वर ठेवली.

“वायरी आहेत आमच्याकडे,” ती म्हणाली. “बाबांनी जुन्याच लाव म्हणून सांगितलंय.”

त्याचा हात तिथेच थांबला.

“अजिबात नाही, ताई. हे नीट ऐका. जुनी वायर नव्या सप्लायमध्ये बसते. अगदी खटकन बसते, तीच तर गोची आहे. पण आतली जोडणी प्रत्येकाची वेगळी. नको तिथे विजेचा नको तेवढा दाब जातो आणि डिस्क जळते. बाबांना सांगा, तुमचा जमाना गेला म्हणावं.”

“सांगते.” तिने पिशवी परत खोक्यात टाकली. “जळली तर परत काही मिळतं?”

“राखेचं पुन्हा लाकूड होतं का?”

“आणि वेळ लागतो? जळायला?”

“छे! डोळ्याचं पातं लवतं ना, तेवढ्यात खेळ खलास.” मग त्याला तिची दया आली असावी. “अहो, घाबरू नका एवढ्या. नव्या वायरी लावा, काही होत नाही.”

परतताना खोक्याने हाताला रग लागली. बसस्टॉपच्या बाकावर तिने ते मांडीवर घेतलं आणि काल दुपारचं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं.

“ठमे,” बाबांनी विचारलं होतं, “आई आंघोळीला गेली ना? मग ऐक. सप्लाय घ्यायचा तो मोठाच घे, उगाच वाद नको. पण वायरी खोक्यातल्या लावू नकोस. माळ्यावर आहेत त्या लाव. लाल पट्टीवाल्या.”

“त्या कशाला?”

“सांगतो तेवढं कर. भावाला नको सांगूस, त्याच्याने व्हायचं नाही. थकलो गं मी. ती झोपूच देत नाही मला. तिचंही चुकत नाही म्हणा, पण तिच्याकडे बघितलंस का? अशाने ती…”

वाक्य अर्धंच राहिलं. हल्ली असं व्हायचं. आई ओल्या केसांनीच धावत आली होती.

घरी आली तेव्हा भाऊ कामावर होता. ती आईला काही न बोलता स्टूल घेऊन माळ्यावर चढली. जुन्या सुटकेसच्या मागे वायरींचा जुडगा होता, त्याला लाल चिकटपट्टीचे तीन वेढे. बाबांचा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेला. त्यांच्या कामात लाल पट्टीला एकच अर्थ होता: हे पुन्हा कधीही जोडायचं नाही. याच वायरींनी त्यांनी एकदा भावाची डिस्क जाळली होती. सगळे गेम गेले म्हणून भाऊ आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. त्यानंतर बाबांनी स्वतःच्या हाताने ही पट्टी गुंडाळली होती.

म्हणजे दुकानदाराने सांगितलं ते बाबांना ठाऊक होतं. चांगलंच ठाऊक होतं.

तिने नखाने पट्टी सोडवली.

खोलीत आईने केस विंचरले होते. ठेवणीतला ड्रेस घालून ती टेबलासमोरच्या खुर्चीत बसली होती. मशीनवर धूळ नव्हती. आई रोज मऊ फडक्याने ते पुसायची, आणि शेजारचा बाबांचा हार घातलेला फोटोही. लेकीने मशीनचं झाकण उघडलं, जुना सप्लाय काढला, नवा बसवला. खोक्यातल्या वायरींची पिशवी तिने पायाने टेबलाखाली सरकवली. मग माळ्यावरच्या वायरी एकेक करून खोचल्या. खटकन बसल्या.

“आधी थोडं मी बोलू?” तिने विचारलं.

“तू काल बोललीस की. आता माझी पाळी.” आई लाजल्यासारखी हसली, पुढे सरकली, आणि मशीनच्या पत्र्यावर तळवा ठेवून म्हणाली, “झालं ना सगळं? आता तुझे बाबा बोलता बोलता मधेच बंद नाही ना पडणार?”

“नाही आई,” तिने आईचा हात पत्र्यावरून उचलून आपल्या हातात घेतला. “आता मधेच नाही.”

आणि बटण दाबलं.