दंडाचा घेर
फुप्फुसाच्या जुनाट आजाराने नवरा खंगेल, अशी शिंपिणीला धास्ती होती. पण वजनकाटा जागचा हलत नव्हता आणि पोट तर सुटतच होतं. “दम या नगाऱ्यामुळे लागतो गं,” तो पोट थोपटत म्हणायचा. तीही निर्धास्त होऊन जुन्याच मापावर शर्ट बेतायची, पोटाला तेवढी चार बोटं वाढवायची. आज त्याला अर्ध्या बाह्यांचा हवा होता, म्हणून तिने उघड्या दंडाला टेप गुंडाळली. आकडा बघून ती थिजली. टेप सोडून तिने पुन्हा गुंडाळली. तोच आकडा. नातवाच्या शाळेच्या शर्टासाठी कालच तिने तो खडूने कापडावर लिहिला होता. “काय गं, टेप पुरेना का?” नवरा धापा टाकत हसला. तिने टेप मुठीत गच्च आवळली. “अहो, शर्ट राहू द्या, आधी डॉक्टरांकडे चला. या नगाऱ्याआड तुम्ही पार आटून गेलात!”